चांदणी लागलेली वाक्यं

इंग्रजी सिंटॅक्सच्या पाठ्यपुस्तकात मला माझंच एक वाक्य सापडलं, आणि त्याच्या आधी एक बारीकशी चांदणी छापलेली होती.

बी.ए.चं वर्ष, विषय इंग्रजीची वाक्यरचना आणि शब्दरचना, म्हणजे सिंटॅक्स आणि मॉर्फॉलॉजी. आदल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून सरांना म्हटलं होतं, ‘सर, प्लीज एक्स्प्लेन मी द डिफरन्स.’ सरांनी शांतपणे फरक समजावून सांगितला. वाक्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आणि आता तिसऱ्या प्रकरणात छापलेलं, ‘शी एक्स्प्लेन्ड मी द प्रॉब्लेम’, डोक्यावर चांदणी. तळटीप असेल म्हणून पानाखाली पाहिलं. तळटीप नव्हती. पहिल्या प्रकरणात परत गेले तेव्हा खुलासा मिळाला: चांदणी म्हणजे ‘असं वाक्य या भाषेचा माणूस बोलत नाही’.

मी तर बोलत होते. सर्रास बोलत होते. ‘गिव्ह मी’ चालतं, ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ आणि ‘टीच मी’सुद्धा चालतं, मग ‘एक्स्प्लेन मी’नं काय घोडं मारलं होतं? मराठीत ‘मला सांग’ आणि ‘मला समजावून सांग’ एकाच दावणीला बांधलेले आहेत. इंग्रजीत मात्र दावण दोन. सांगणारा, देणारा, दाखवणारा जो जुना जर्मानिक कुळातला छोटा शब्दसाठा आहे, तो माणसाला थेट क्रियापदाच्या मागे उभं राहू देतो. लॅटिनकडून आलेली लांबलचक क्रियापदं बहुधा देत नाहीत, त्यांना मध्ये ‘टू’ लागतो. ‘सजेस्ट मी अ बुक’ हेही त्याच कारणानं चांदणीचं धनी. आता ‘बहुधा’ म्हणण्याचं कारण असं की ‘प्रॉमिस’ हे लॅटिन मुळाचं असूनही ‘प्रॉमिस मी’ बिनघोर चालतं. ज्यांचं हे घरचं इंग्रजी आहे त्यांना लॅटिन आणि जर्मानिक हा भेद ठाऊकही नसतो. तरी त्यांचा कान चुकत नाही.

आधी थोडा अपमान वाटला. मग लक्षात आलं की ही चांदणी म्हणजे शाळेतली लाल रेघ नव्हे. लाल रेघ म्हणते, हे असं लिहू नकोस. तिच्यामागे कुणाचं तरी मत असतं, आणि त्या मताचा उगम बऱ्याचदा भाषेत नसतोच. इंग्रजी वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा त्यातलाच एक दंडक. 1762 साली रॉबर्ट लाउथ या बिशपनं आपल्या व्याकरणात त्याबद्दल लिहिलं की गंभीर लेखनात हे टाळलेलं बरं. गंमत म्हणजे आपली भाषा या सवयीकडे फार झुकलेली आहे हे सांगताना त्यानं वापरलेलं वाक्यांगही ‘टू’ या प्रिपोझिशनवरच संपतं. पुढच्या मास्तरांनी विनोद गाळला आणि दंडक तेवढा ठेवला.

चांदणीला मत नसतं. चुकीचं वाक्य हा तिच्या दृष्टीनं पुरावा असतो. बरोबर वाक्यं लाख गोळा केली तरी नियम कुठे संपतो ते कळत नाही. कुंपण कुठे आहे हे कुंपणाला धडकल्याशिवाय समजत नाही. म्हणून या विषयात विद्यार्थ्यानं मुद्दाम बिघडलेली वाक्यं बनवायची असतात. शाळेत ज्यासाठी मार्क कापले गेले, त्याचेच इथे मार्क मिळत होते! मी एक वही केली आणि तिच्यात फक्त चांदणीची वाक्यं लिहायला लागले.

या वहीतलं पहिलं मानाचं पान भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीच्या 1957 सालच्या उदाहरणाला द्यावं लागलं. ‘कलरलेस ग्रीन आयडियाज स्लीप फ्युरियसली.’ रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषानं झोपतात. अर्थाच्या नावानं शून्य, पण चांदणी नाही. तेच पाच शब्द उलट्या क्रमानं ठेवले की चांदणी लागते. म्हणजे वाक्य निरर्थक असणं वेगळं आणि बिघडलेलं असणं वेगळं. तोवर मी हे दोन्ही एकच समजत होते. सुट्टीत घरी हे वाक्य आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, ‘हे असलं सिंटॅक्सबिंटॅक्स शिकतेस होय तिकडे?’

मी टाळीच वाजवली, आणि आईला वाटलं मी तिची थट्टा करतेय. त्याच आठवड्यात आम्ही जीन बर्को या संशोधिकेचा 1958 सालचा प्रयोग शिकलो होतो. तिनं लहान मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवलं आणि म्हटलं, हा ‘वग’. मग तसलीच दोन चित्रं दाखवून वाक्य अर्धवट सोडलं. मुलांनी जन्मात न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन अचूक करून दाखवलं. म्हणजे त्यांनी अनेकवचनं पाठ केलेली नव्हती, त्यांच्या डोक्यात नियम होता. आईनं ‘सिंटॅक्स’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पहिलं अक्षर काढून तिथे ‘बि’ बसवला, पुढचा अनुस्वारसुद्धा जागच्या जागी ठेवून. पुस्तकबिस्तक, कामबिम, झाडबिड, सिंटॅक्सबिंटॅक्स. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. मलाही नाही. कुठल्याही शालेय व्याकरणात तो मला दिसला नव्हता, कारण शालेय व्याकरण आपण आपसांत कसे बोलतो त्याकडे फारसं पाहतच नाही.

‘वग’चं अनेकवचन इंग्रज मूल करतं तेव्हा ते शेवटी ‘स’ लावत नाही, ‘झ’च्या जवळचा आवाज लावतं. इथे माझी दुसरी फजिती. ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्ज’मध्ये घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणाऱ्या, व्यंजनामागून येणारा घोष आवाज, आणि ‘बस’सारख्या आधीच सकारानं संपणाऱ्या शब्दात मध्ये एक छोटा स्वर घालून मग तो आवाज. एकाच प्रत्ययाची तीन रूपं, आणि कोणतं कुठे हे शेजारच्या आवाजावर ठरलेलं. लिपीत तिन्ही ठिकाणी तेच अक्षर, म्हणून मी आयुष्यभर तिन्ही ठिकाणी ‘स’च म्हणत आले होते. देवनागरीतसुद्धा आपण बिनदिक्कत ‘डॉग्स’ लिहितो. डोळ्यांनी शिकलेली भाषा आणि कानांनी शिकलेली भाषा यांतलं अंतर त्या एका तासात मला मोजून मिळालं.

मॉर्फॉलॉजी तशी इंग्रजीत गरिबाघरचीच. संस्कृतची विभक्तीची तक्ते-घोकणी ज्यानं केली आहे त्याला हसू येईल. रूपं चालवणारे प्रत्यय मोजून 8: अनेकवचनाचा, मालकीचा, तृतीयपुरुषी एकवचनी वर्तमानाचा, भूतकाळाचा, दोन धातुसाधितांचे, आणि विशेषणांचे दोन तुलनेचे. संपलं. त्यात भविष्यकाळाचा एकही नाही, हे ऐकून वर्गात कुजबुज झाली होती. शाळेत पाठ केलेला 12 काळांचा तक्ता? सर म्हणाले, ‘विल’ हे ‘कॅन’ आणि ‘मे’ यांच्या पंगतीतलं साहाय्यक क्रियापद आहे, आणि इंग्रजी क्रियापद स्वतःच्या अंगावर फक्त भूत आणि अभूत एवढंच वागवतं. आपल्या ‘जाईन’मध्ये भविष्य आणि ‘मी’ दोन्ही शब्दाच्या पोटात आहेत. इंग्रजीला त्यासाठी तीन शब्द लागतात.

पण जिथे नवे शब्द घडतात तिथे हीच गरीब मॉर्फॉलॉजी भलतीच श्रीमंत होते. ‘अनलॉकेबल’ घ्या. ज्याला कुलूप लावता येत नाही तेही अनलॉकेबल, आणि ज्याचं कुलूप उघडता येतं तेही अनलॉकेबल. तुकडे तेच तीन, क्रम तोच, अर्थ जवळजवळ विरुद्ध. कारण ‘अन’ दोन आहेत. एक विशेषणाला लागून नकार देतो, ‘अनहॅपी’तला. दुसरा क्रियापदाला लागून केलेलं मोडतो, ‘अनटाय’मधला. आधी ‘लॉकेबल’ बांधून त्याला पहिला ‘अन’ जोडला तर एक अर्थ, आधी ‘अनलॉक’ बांधून मग ‘एबल’ जोडलं तर दुसरा. शब्द डावीकडून उजवीकडे ओवलेले मणी नसतात, त्यांच्या आत मजले असतात. हे मजले दाखवायला झाड काढतात, मूळ वर आणि पानं खाली. अशी उलटी झाडं मी त्या वर्षी शेकड्यानं काढली असतील, बसच्या तिकिटांच्या मागेसुद्धा.

आणि एक दिवस झाड मराठीचं काढलं. ‘लहान मुलांची पुस्तकं.’ लहान कोण, मुलं की पुस्तकं? दोन्ही झाडं निघतात, म्हणून हे शब्द द्व्यर्थी. मग सहज ‘लहान’च्या जागी ‘छोटा’ घालून पाहिला. ‘छोट्या मुलांची पुस्तकं’ आणि ‘छोटी मुलांची पुस्तकं’. संदिग्धता गेली! ‘लहान’ हे विशेषण विकार घेत नाही म्हणून त्याला दोन्हीकडे हात टाकता येतो. ‘छोटा’ला मात्र सामान्यरूप घ्यावं लागतं, आणि ‘छोट्या’ म्हटलं की तो कुणाचा हे उघडं पडतं. वाक्याचं झाड कसं आहे हे एका प्रत्ययानं सांगून टाकलं. सिंटॅक्स आणि मॉर्फॉलॉजी हे दोन विषय एकाच पेपरात का कोंबलेत, याचं उत्तर मला अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत नाही, या दोन ओळींत मिळालं. शाळेत सामान्यरूप म्हणजे दोन गुणांचा रिकाम्या जागा भरण्याचा प्रश्न होता.

झाडांचा खरा कस प्रश्नार्थक वाक्यांत लागतो. ‘द बॉय इज टायर्ड’चा प्रश्न करायचा तर ‘इज’ पुढे आणायचा. सोपं. आता ‘द बॉय हू इज स्लीपिंग इज टायर्ड’. यात ‘इज’ दोन. पहिला दिसेल तो उचलला तर ‘इज द बॉय हू स्लीपिंग इज टायर्ड’ असलं काहीतरी तयार होतं, ज्याला चांदणीसुद्धा कमी पडावी. उचलायचा तो दुसरा, कारण पहिला ‘इज’ मुलाबद्दलच्या पोटवाक्याच्या मजल्यावर राहतो. नियमाला शब्दांचा क्रमांक मोजता येत नाही, त्याला फक्त मजले दिसतात. अगदी लहान इंग्रजीभाषक मुलं या वाक्यात इतर दहा गडबडी करतील, पण पहिला ‘इज’ उचलण्याची चूक प्रयोगांत त्यांच्याकडून क्वचितच होताना दिसली. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ चिकटवून मोकळे होतो, त्यामुळे या कोड्यापासून आपण जन्मतःच सुटलेलो.

समासांचं प्रकरण आलं आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात, इंग्रजी शब्दांबद्दल, चक्क ‘बहुव्रीहि’ आणि ‘द्वंद्व’. ‘हाउसबोट’ ही बोट आणि ‘बोटहाउस’ हे घर, कारण इंग्रजी समासाचा धनी उजवीकडे बसतो. पण ‘रेडहेड’ हे डोकं नसतं, ज्याचे केस तांबडे तो माणूस असतो. आपला पीतांबर तरी कुठे वस्त्र असतो? पाश्चात्त्य भाषाशास्त्रानं ही नावं संस्कृत व्याकरणातून उचलली आणि ठेवून घेतली, ‘संधी’ही तशीच. लेनर्ड ब्लूमफिल्ड, ज्याच्या 1933 सालच्या ग्रंथावर अमेरिकेतल्या भाषाशास्त्राची एक अख्खी पिढी वाढली, त्यानं पाणिनीच्या सूत्रांवर 1927 साली लेख लिहिला होता. ‘वन शीप, टू शीप’ यात अनेकवचनाचा प्रत्यय कुठे आहे, तर आहे, पण शून्य आहे, असं पुस्तक सांगत होतं. वर्गातले काही जण म्हणाले, ही तर पळवाट झाली. मला पाणिनीचं ‘अदर्शनं लोपः’ हे सूत्र आठवलं. दिसत नाही, पण त्याची जागा आहे. आणि ‘एक उंदीर, दोन उंदीर’ म्हणताना आपणही तेच करतो. (याच इंग्रजी उंदराचं मात्र ‘माइस’ होतं. ‘फूट’चं ‘फीट’ होतं तसंच. फार पूर्वी अनेकवचनाच्या प्रत्ययात एक इकार होता, त्यानं आधीच्या स्वराला स्वतःकडे ओढलं, मग प्रत्यय झिजून गेला आणि ओढलेला स्वर तसाच राहिला. भाषेच्या इतिहासाची पुस्तकं ते प्राचीन रूप लिहितात तेव्हा त्याच्याही आधी चांदणी काढतात. तिथे तिचा अर्थ वेगळा: हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही तर्कानं उभं केलं आहे. एक चांदणी कुणी म्हणणार नाही त्यावर, दुसरी कुणीतरी म्हटलं असणारच त्यावर. पेपरात मी या दोघींची गल्लत केली, तेही सांगून टाकते.)

वर्षाच्या शेवटी एक स्वाध्याय होता. आपापल्या मातृभाषेतली चांदणीची वाक्यं द्या आणि चांदणी का लागली ते सांगा. सरांना मराठी येत नव्हती. इंग्रजीच्या वर्गात वर्षभर पुस्तकाचा कान प्रमाण होता. आता प्रमाण माझा.

मी निवडला भूतकाळ. इंग्रजीचा ‘रोट’ कुणाशीच बांधील नाही. मी लिहो, ती लिहो, पत्र लिहो, चिठ्ठी लिहो, ‘रोट’ तो ‘रोट’. मराठीत कर्ता ‘ने’ घेऊन बाजूला होतो आणि क्रियापद कर्माचं ऐकतं: मुलीने पत्र लिहिलं, मुलीने चिठ्ठी लिहिली. उदाहरण नीट निवडावं लागलं, कारण ‘मी पत्र लिहिले’ असं बाईनं ग्रांथिक वळणानं लिहिलं तर ‘लिहिले’ हे पत्राचं की बाईचं हे कळतच नाही, दोन्हीची रूपं एक. म्हणून चिठ्ठी घेतली. मग ‘तू चिठ्ठी लिहिलीस’पाशी येऊन मी अर्धी संध्याकाळ थांबले. ‘लिहिलीस’मधला ‘ल’ भूतकाळाचा, ‘ई’ चिठ्ठीचा, आणि शेवटचा ‘स’ तुझा. एका क्रियापदानं दोन मालकांची चाकरी करावी, आणि मी हा शब्द लहानपणापासून भांडणांत वापरत असताना मला त्याचा पत्ता नसावा!

पुढे आणखी फाटे फुटले. ‘मी चिठ्ठी लिहिली’, पण ‘मी चिठ्ठी विसरले’. ‘मी कविता वाचली’, पण ‘मी कविता शिकले’. विसरणं, शिकणं, बोलणं ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याच्याच मागून जातात. वाचणं, लिहिणं जात नाहीत. कुणी मला ही यादी दिलेली नव्हती. ‘एक्स्प्लेन मी’च्या वेळी इंग्रजांच्या कानाचं जे आश्चर्य वाटलं होतं, तसाच कान माझ्याही डोक्यात बसलेला होता, फक्त त्याच्याकडे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

दहा वाक्यं झाली. शेवटचं, एका पुरुषाच्या तोंडी घातलेलं, ‘मी चिठ्ठी लिहिलो’. त्यावर मी सर्वांत ठसठशीत चांदणी काढली.

जमा करण्याआधी वही शेजारच्या बाकावरच्या मित्राला दाखवली. तोही मराठीच, पण त्याचा भाग वेगळा. नऊ वाक्यांवर त्यानं मान डोलावली. दहाव्यावर थांबला.

‘हे बरोबर आहे की. चांदणी कशाला?’

‘लिहिलो? चिठ्ठी लिहिलो?’

‘आमच्या घरी सगळे असंच म्हणतात. मी काम केलो, मी चिठ्ठी लिहिलो. शाळेत गेल्यावर बंद केलं.’

‘का बंद केलंस?’

‘बाई लाल रेघ मारायच्या.’

मी खोडरबर घेतलं. चांदणी शाईची होती, ती काही गेली नाही, कागद मात्र विरला. सरांना विचारलं, अशा वाक्याला कोणतं चिन्ह लावायचं? ते म्हणाले, टक्केवारीचं. काही बोलणाऱ्यांना चालतं, काहींना नाही, असा त्याचा अर्थ. विरलेल्या जागेवर मी ते चिन्ह काढलं आणि मित्राला त्याच्या घरची आणखी वाक्यं विचारायला घेतली. स्वाध्याय दोन दिवस उशिरा जमा झाला.